कार्यक्रम अंदाजपत्रक (भारत)

सरकारी पैसा कशावर खर्च होणार, एवढेच न सांगता त्यातून कोणते काम किती व्हायला हवे, हेही मांडणारी अर्थसंकल्पाची पद्धत. नेहमीच्या अंदाजपत्रकात वेतन, प्रवासभत्ता, कार्यालयीन खर्च अशी लेखाशीर्षवार मांडणी असते. येथे तीच तरतूद कार्यक्रमाच्या नावे लावून तिच्यासमोर भौतिक उद्दिष्ट लिहितात. अमेरिकेतील हूवर आयोगाच्या 1949 च्या अहवालाने ही कल्पना रूढ केली.

भारतात पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तिचा आग्रह धरला. 1968-69 पासून केंद्राच्या काही मंत्रालयांनी अशी पुस्तके काढायला सुरुवात केली आणि पुढे विकासखात्यांत ती प्रथा झाली. मात्र पुस्तक तयार होई ते रक्कम ठरून गेल्यावर. त्यामुळे गेल्या वर्षीच्या कामगिरीवरून यंदाची तरतूद ठरावी, हा मूळ हेतू बाजूला पडला आणि उरली ती तक्ते भरण्याची वार्षिक कामगिरी. 1986 मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग केला. प्रत्येक योजनेने आपली गरज नव्याने सिद्ध करावी, ही त्याची अट याहून कडक होती.

25 ऑगस्ट 2005 रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी पहिला फलनिष्पत्ती अर्थसंकल्प संसदेत मांडला. त्यात उत्पादित आणि फलनिष्पत्ती यांत फरक केला होता. पाटबंधाऱ्याचे उदाहरण घ्यावे. कालवा पूर्ण होऊन निर्माण झालेली सिंचनक्षमता हे उत्पादित. त्या पाण्याने प्रत्यक्ष भिजलेले रान आणि वाढलेले पीक ही फलनिष्पत्ती. पहिला आकडा खात्याच्या दप्तरात सापडतो, दुसऱ्यासाठी शेतावर जावे लागते. शिवाय पीक पावसावर, विजेवर, बाजारभावावरही अवलंबून असते. त्याचे श्रेय किंवा दोष एकाच खात्याच्या माथी मारता येत नाही. या पद्धतीची खरी अडचण हीच आहे. तिच्यामुळे खाती गाठता येतील अशीच उद्दिष्टे लिहितात.

2007-08 पासून कार्यक्रम अंदाजपत्रक आणि फलनिष्पत्ती अर्थसंकल्प ही दोन्ही पुस्तके एकत्र झाली. 2017-18 मध्ये योजना आणि योजनेतर खर्च हा भेद संपला व सर्व मंत्रालयांच्या योजनांची उद्दिष्टे एकाच दस्तऐवजात येऊ लागली. त्यांतील निर्देशक ठरवण्याच्या कामात नीती आयोगाचे विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालय सहभागी असते. लोकसभा मात्र संविधानाच्या अनुच्छेद 113 नुसार अनुदानाच्या मागण्यांवरच मतदान करते, आणि त्यांतील बहुतेक मागण्या चर्चेविनाच संमत होतात. फलनिष्पत्तीच्या तक्त्यावर मतदान होत नाही.