बोटीतील एसीचा पंप हवा धरतो तेव्हा…

प्रतिनिधी

पावसाळा सरला, की मुंबई बंदराच्या परिसरात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या खासगी बोटी पुन्हा पाण्यात उतरू लागतात. मोसमाच्या पहिल्याच फेरीत अनेक बोटमालकांना एक अनुभव येतो. केबिनमधील एसी सुरू होतो, काही मिनिटे गार हवा येते आणि मग यंत्रणा आपोआप बंद पडते. गॅस संपला असावा, अशी शंका येते आणि मेकॅनिकला बोलावणे जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष एसीत नसतोच. समुद्राचे पाणी आत आणणारा छोटासा पंप हवा धरून बसलेला असतो. हा दोष साधा असला, तरी तो दूर करताना क्रम चुकल्यास बोटीत पाणी शिरू शकते. म्हणूनच त्यामागचे शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

पाण्यावर चालणारा थंडावा

घरातील एसी खोलीतील उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो. बोटीतील एसी तीच उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडतो. बोटीच्या तळाशी असलेल्या छिद्रातून पाणी आत येते. तेथे 'सी-कॉक' म्हणजे पाणी बंद करण्याचा झडपेचा कॉक असतो. पुढे गाळणी, मग पंप, त्यानंतर एसीचा कंडेन्सर आणि शेवटी बोटीच्या बाजूने बाहेर पडणारी नळी, असा हा मार्ग असतो. एक टन क्षमतेच्या एसीला मिनिटाला साधारण ११ लिटर पाणी लागते. हा प्रवाह थांबला, की कंडेन्सर तापतो, गॅसचा दाब वाढतो आणि सुरक्षा यंत्रणा कॉम्प्रेसर बंद करते.

पंप हवा का उपसत नाही?

हा पंप बहुधा केंद्रोत्सारी जातीचा असतो. पात्यांचे चाक वेगाने फिरते आणि मधले पाणी कडेला फेकते. मध्यभागी दाब कमी होतो व बाहेरील वातावरणाचा दाब नवे पाणी आत ढकलतो. पाणी 'ओढले' जाते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते ढकलले जाते.

चाकाने निर्माण केलेला दाब मात्र आतील पदार्थाच्या घनतेवर अवलंबून असतो. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी असते. पाणी पाच मीटर उंच चढवणारे चाक हवेत फिरले, तर ते पाणी जेमतेम ६ मिलिमीटर वर उचलू शकेल. मोटार फिरते, आवाज येतो, पण पाणी हलत नाही. सोसायटीच्या तळटाकीवरील पंप सुरू करण्यापूर्वी वरून पाणी ओतावे लागते, त्याचेही कारण हेच. तेथे पाइपच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह बसवून पाणी धरून ठेवतात. बोटीत त्याची गरज भासत नाही. पंप समुद्राच्या पातळीखाली बसवला, की समुद्रच तो भरून ठेवतो.

जोडणीतच निम्मे उत्तर

त्यासाठी गाळणी आणि पंप दोन्ही जलरेषेच्या खाली हवेत, आणि गाळणी पंपाहून खाली. तळापासून एसीपर्यंत नळी सतत चढती असावी. मध्येच ती उंच होऊन पुन्हा खाली उतरली, तर त्या कमानीत हवा साचते व तिला बाहेर पडायला वाट उरत नाही. पंपाचे बाहेर जाणारे तोंडही वरच्या बाजूस असावे. पाणी घेणाऱ्या छिद्रावरील झाकणाचे तोंड बोटीच्या नाळेकडे ठेवतात, म्हणजे बोट चालताना पाणी दाबाने आत येते. इंजिनासाठी आणि एसीसाठी पाण्याची वाट वेगळी असणे श्रेयस्कर.

हवा शिरते कोठून?

बोट किनाऱ्यावर काढली असता नळ्या रिकाम्या होतात. गाळणी साफ केल्यावर तिच्यात हवा उरते. गाळणीच्या झाकणाचे रबर झिजले, तर तेथून हवा खेचली जाते. लाटांवर बोट कलली, की छिद्र क्षणभर पाण्याबाहेर येते. याखेरीज प्लास्टिकची पिशवी, जेलीफिश, गाळ आणि तळाला चिकटणारे शिंपले प्रवाह रोखतात. तेव्हा लक्षणे तशीच दिसतात. त्यामुळे आधी गाळणी पाहावी, मग हवेचा संशय घ्यावा.

हवा काढताना

१. एसी आणि पंपाचा वीजपुरवठा बंद करावा.
२. सी-कॉक बंद करावा. गाळणीचे झाकण त्यानंतरच उघडावे.
३. गाळणी धुऊन ती काठोकाठ पाण्याने भरावी, रबर तपासावे व झाकण घट्ट बसवावे.
४. सी-कॉक उघडावा. पंपापुढील नळीवर हवा सोडण्याचा कॉक असल्यास तो उघडावा. नसल्यास नळीची क्लिप किंचित सैल करावी. बुडबुडे थांबून सलग पाणी येऊ लागले, की ते पुन्हा पक्के करावे.
५. सांडलेले पाणी पुसून वीज सुरू करावी आणि बोटीच्या बाजूने पाण्याची धार पडते का, ते पाहावे.

यातील दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. जलरेषेखाली ६० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र उघडे राहिले, तर मिनिटाला सुमारे ६० लिटर पाणी आत येऊ शकते. म्हणजे तासाभरात साडेतीन टनांहून अधिक. सी-कॉक अधूनमधून फिरवून सैल ठेवावा. गंजून अडकलेला कॉक ऐन वेळी कामी येत नाही. चौथ्या पायरीतही नळी निसटल्यास तो तत्काळ बंद करता येईल, असे कोणीतरी जवळ असावे.

धारेवर लक्ष

बोट सोडून जाताना सी-कॉक बंद करणे शहाणपणाचे. पण पुन्हा एसी लावताना तो उघडायचे विसरू नये. यातील बऱ्याच पंपांचे आतील भाग वाहत्या पाण्यानेच वंगण मिळवतात, त्यामुळे कोरडा फिरलेला पंप लवकर निकामी होतो. एसी बंद पडला म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबणे हा सर्वांत वाईट उपाय. एसी लावल्यावर बाहेर डोकावून धार पाहण्याची सवय लावावी. धार सलग असेल, तर पंप भरलेला आहे. ती तुटक असेल वा तिच्यातून गुडगुड आवाज येत असेल, तर कोठेतरी हवा शिरते आहे. अशा वेळी पंप आधी बंद करावा आणि मगच कारण शोधावे.