थोडीशी, तब्येतीसाठी

महाराष्ट्रात दारू प्यायची तर कायद्याने परवाना लागतो, हे बऱ्याच पिणाऱ्यांच्या गावीही नसतं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा (आता त्याच्या नावात 'महाराष्ट्र' आलंय) अजून जिवंत आहे, आणि त्यातलं ४०-अ हे कलम माझं विशेष लाडकं. ज्याला आपलं आरोग्य राखण्यासाठी विदेशी मद्याची गरज आहे, त्याला परवाना देता येईल, असा त्याचा मतलब. म्हणजे कायद्याच्या नजरेने बघितलं तर शनिवारी रात्री बारमध्ये बसलेली मंडळी तब्येत कमावायला बसलेली असतात! दारूबंदी आली की दारू औषध होते, हा जगभरचा अनुभव आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा तिथेही डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची.

असो. आजचा विषय कायदा नाही, दोन वाक्यं आहेत. पहिलं: "थोडी घेतली तर हार्टला चांगली असते." दुसरं: "या गोळ्या चालू असेपर्यंत दारू नको." पहिलं वाक्य पार्टीत ऐकू येतं, दुसरं मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत. डिप्रेशन, अँग्झायटी किंवा बायपोलरसाठी गोळ्या घेणारा, चाळिशीला टेकलेला, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघून दचकलेला माणूस ही दोन्ही वाक्यं ऐकतो आणि मनातल्या मनात हिशोब मांडतो, की हृदय सांभाळू की डोकं? ही दोन वाक्यं आली कुठून ते शोधायला बसलो आणि माझे दोन वीकेंड त्यात गेले.

पहिल्या वाक्याचं मूळ शोधत मागे गेलं की लंडनमध्ये फ्रान्सिस अ‍ॅन्स्टी भेटतात. वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलचे डॉक्टर, मज्जातंतूंच्या दुखण्यांचे अभ्यासक. १८६४ मध्ये त्यांनी उत्तेजकं आणि गुंगी आणणारी द्रव्यं यांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. एकच पदार्थ थोडा घेतला तर एक काम करतो आणि जास्त घेतला तर वेगळंच, हा त्यांचा मुद्दा. निरोगी प्रौढ पुरुषाने दिवसाला दीड औंस शुद्ध अल्कोहोलच्या पुढे जाऊ नये, ही त्यांची मर्यादा 'अ‍ॅन्स्टीज लिमिट' म्हणून गाजली आणि आयुर्विमा कंपन्यांनी ती उचलली. आपल्या हिशोबात सांगायचं तर दीड औंस म्हणजे साधारण ४३ मिली. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे तीस मिलीचे सव्वातीन पेग झाले. रोज! आजच्या कुठल्याही डॉक्टरला सांगून बघा. स्वतः अ‍ॅन्स्टी १८७४ मध्ये शवविच्छेदन करताना झालेल्या जखमेतून विष भिनून वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेले.

यातला 'निरोगी' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे सगळा घोळ त्याच्यापाशी आहे.

आता दुसरं वाक्य. १८६९ मध्ये जर्मनीत ऑस्कर लीब्राइख यांनी क्लोरल हायड्रेट हे झोपेचं औषध म्हणून पुढे आणलं. माणसाने कारखान्यात बनवलेलं पहिलं झोपेचं औषध, आणि चव भयंकर. कवी आणि चित्रकार दान्ते गॅब्रिएल रोझेटीला निद्रानाश होता. तो क्लोरल घ्यायचा आणि चव जावी म्हणून वर नीट व्हिस्की. वर्षानुवर्षं. व्हायचं तेच झालं, तब्येतीची पार वाट लागली आणि १८८२ मध्ये तो गेला. क्लोरल आणि अल्कोहोल यांची गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की दोघांचा निचरा करायला शरीरात एकच काउंटर आहे. दोघं रांगेत एकमेकांना अडवतात. दारू रक्तात जास्त वेळ राहते, आणि क्लोरलपासून बनणारं गुंगीचं द्रव्यही जास्त प्रमाणात बनतं. शिकागोतल्या एका सलूनवाल्याने हेच मिश्रण गिऱ्हाइकांना पाजून त्यांचे खिसे साफ केले असं म्हणतात. त्याचं नाव मिकी फिन, आणि इंग्रजीत अशा मिश्रणाला अजून त्याच्याच नावाने ओळखतात.

मग १९०३ मध्ये बार्बिट्युरेट आली. यांची गोष्ट वेगळी. मेंदूत 'शांत हो' असा निरोप देणारं गाबा नावाचं रसायन आहे. दारूही त्याचाच आवाज वाढवते आणि बार्बिट्युरेटही. दोन माणसं एकाच व्हॉल्यूमच्या बटणाला हात घालतात, आणि श्वास चालू ठेवणाऱ्या केंद्रापर्यंत शांतता पोचते. न्यूयॉर्कची प्रसिद्ध पत्रकार डोरोथी किलगॅलन १९६५ मध्ये गेली ती याच दोघांच्या एकत्र परिणामाने. यात 'मॉडरेट' ही रेघ कुठे ओढायची? एरवी पचणारी गोळी आणि एरवी पचणारे दोन ग्लास, दोन्ही आपापल्या जागी माफकच असतात.

साठच्या दशकात लिब्रियम आणि व्हॅलियम आल्या तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं, कारण नुसत्या व्हॅलियमच्या जास्त डोसने मरणं फार कठीण. पण 'नुसत्या' म्हणजे नुसत्या. एप्रिल १९७५ मध्ये न्यू जर्सीतली २१ वर्षांची कॅरन अ‍ॅन क्विनलन एका रात्री बेशुद्ध पडली. थोडी दारू, व्हॅलियमसारख्या गोळ्या, आणि बरेच दिवस चाललेलं कडक डाएटिंग. नेमकं कशामुळे किती झालं यावर नंतर पुष्कळ वाद झाले. ती शुद्धीवर आलीच नाही. आईवडिलांनी व्हेंटिलेटर काढायची परवानगी मागितली, खटला झाला, १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती दिली, आणि व्हेंटिलेटर काढल्यावरही ती १९८५ पर्यंत जगली. आज इच्छामरणाच्या चर्चेत तिचं नाव निघतं, ती रात्र मात्र कोणाला आठवत नाही.

मध्ये एक वेगळंच प्रकरण घडून गेलं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९५० च्या दशकात क्षयरोगाच्या एका औषधाने रुग्ण भलतेच खुशीत येतात हे दिसलं आणि त्यातून डिप्रेशनवरच्या पहिल्या गोळ्या निघाल्या, एमएओआय जातीच्या. काही रुग्णांचं डोकं अचानक फुटायला लागायचं, रक्तदाब गगनाला. कारण कळेना. नॉटिंगहॅमच्या एका फार्मासिस्टने पत्र लिहिलं की माझी बायको ही गोळी घेते आणि तिला चीज खाल्लं की असं होतं, याचा काही संबंध असेल का? लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये बॅरी ब्लॅकवेल नावाचा तरुण डॉक्टर होता, त्याने पाठपुरावा केला आणि १९६३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडणी केली. मुरवलेल्या पदार्थांत टायरामीन असतं. एरवी आतडं आणि यकृत ते वाटेतच फोडून टाकतात, पण ही गोळी नेमकं ते फोडणारं एन्झाइम बंद करते. यादीत चीजबरोबर क्यांटी ही इटालियन रेड वाइनही गेली. पुढे मोजमापं झाली तेव्हा बाटलीबंद वाइनमध्ये टायरामीन बहुधा कमीच निघालं, आणि खरा धोका नळाच्या, म्हणजे ड्राफ्ट बिअरमध्ये जास्त दिसला. म्हणजे इथे अल्कोहोलचा दोषच नाही, दोष मुरवण्याचा! 'गोळ्या आणि दारू' हे एकच प्रकरण नाही, प्रत्येक गोळीचं भांडण वेगळं आहे, हे मला या गोष्टीमुळे नीट कळलं. लिथियमचं भांडण शरीरातल्या पाण्याशी आहे: दारूने लघवी जास्त होते, पाणी कमी होतं, लिथियमची रक्तातली पातळी वर सरकते. उलट प्रोझॅक आणि अल्कोहोल एकत्र देऊन चाचण्या केल्या तेव्हा गुंगीत फारशी भर पडलेली दिसली नाही. तिथे तक्रार वेगळी आहे. दारू मुळात झोप आणि मूड बिघडवते, आणि गोळी तेच दुरुस्त करायला दिलेली असते.

प्रोझॅक अमेरिकेच्या बाजारात आली १९८८ मध्ये. आणि १७ नोव्हेंबर १९९१ ला '६० मिनिट्स' या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात मॉर्ली सेफरने रेड वाइनचा ग्लास हातात धरून 'फ्रेंच पॅराडॉक्स' सांगितला. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात तरी हृदयविकाराने कमी मरतात, कारण वाइन. सोबत सर्ज रेनो हे फ्रेंच शास्त्रज्ञ होते. अमेरिकेत रेड वाइनचा खप धडाक्यात वाढला. १९९५ मध्ये तर अमेरिकन सरकारच्या आहारविषयक मार्गदर्शिकेनेही माफक पिण्याचा आणि कमी हृदयविकाराचा संबंध मान्य केला. म्हणजे बघा, एकाच दशकात त्याच मध्यमवर्गीय घरांत औषधांच्या कपाटात प्रोझॅक आली आणि स्वयंपाकघरात 'हृदयासाठी' वाइन आली.

आता तो 'निरोगी' शब्द.

आमच्या धंद्यात एक म्हण वापरात आहे, कचरा आत तर कचरा बाहेर. 'थोडी पिणारे जास्त जगतात' हे जुनं निरीक्षण आहे. रेमंड पर्ल या बाल्टिमोरच्या जीवशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये, ऐन दारूबंदीत, ते छापलं होतं (हा गृहस्थ शनिवारी पत्रकार मेंकेनच्या मित्रमंडळात फ्रेंच हॉर्न वाजवायला आणि बिअर प्यायला जायचा, हे आपलं जाता जाता). आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा: अजिबात न पिणारे जरा जास्त मरतात, थोडी पिणारे कमी, खूप पिणारे पुष्कळ. १९८८ मध्ये जेरी शेपर आणि सहकाऱ्यांनी ७७३५ मध्यमवयीन ब्रिटिश पुरुषांची माहिती तपासली आणि साधा प्रश्न विचारला: 'न पिणारे' या रकान्यात नक्की कोण आहे? तिथे जन्मभर न पिणारे होते, पण त्यांच्यासोबत आधी पिऊन नंतर सोडलेलेही होते. आणि सोडलेल्यांत आजार जास्त, नियमित औषधं घेणारे जास्त. लोक आजारी पडले, औषधं सुरू झाली, म्हणून त्यांनी दारू सोडली. मग ते लवकर गेले, आणि खापर फुटलं न पिण्यावर!

इथे मी वाचता वाचता थांबलो. गोळ्या घेणारा, डॉक्टरचं ऐकून दारू सोडणारा माणूस या रकान्यात बसतो. गंभीर मानसिक आजार असलेल्यांचं आयुष्य इतरांपेक्षा सरासरी १० ते २० वर्षांनी कमी भरतं, म्हणजे रकान्याचा आकडा बिघडवायला तोही हातभार लावतो. त्याच्यामुळे बाजूच्या रकान्यातला माफक पिणारा चकाचक दिसतो. आणि मग त्या चकाचक आकड्याच्या जोरावर आपण पार्टीत त्यालाच सांगतो, "अरे घे थोडी, हार्टला चांगली."

पुढचं भराभर सांगतो. २००७ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांत, म्हणजे आपल्यात, नियमित पिण्याने हार्ट अटॅकपासून संरक्षण दिसलंच नाही. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे आणि वर्षानुवर्षं तपासायचं, असा खरा प्रयोग अमेरिकेत सुरू झाला होता. त्याला दारू कंपन्यांचा पैसा मिळाल्याचं आणि तो मागताना नियम धाब्यावर बसवल्याचं बाहेर आलं, आणि २०१८ मध्ये तो गुंडाळला गेला. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दारूचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही असं म्हटलं. वाद मिटला असं मात्र नाही. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने सोडलेले लोक वगळून, कधीच न पिणाऱ्यांशी तुलना केली तरी माफक पिणाऱ्यांचा मृत्युदर कमी दिसतो असं सांगितलं, आणि स्त्रियांत स्तनांच्या कॅन्सरचा धोका वाढतो हेही. पण यातलं काहीही रोज रात्री गोळी घेणाऱ्या माणसाबद्दल नाही. गोळी आणि दारू एकत्र मोजली गेली ती बहुतेक काही तासांपुरती, गाडी चालवण्याच्या चाचण्यांत. १९६९ मध्ये अमिट्रिप्टिलिनवर झालेली चाचणी त्यातलीच: गोळी अधिक दारू, आणि स्टिअरिंगवरचा हात जास्त ढिला.

माझा एक मित्र गेली काही वर्षं गोळ्या घेतो. ऑफिसात कोणाला माहीत नाही. त्याने आपल्या परीने तोडगा काढला होता: शुक्रवारी रात्रीची गोळी चुकवायची, शनिवारी ग्रुपसोबत बसायचं, रविवारी पुन्हा चालू. त्याच्यासारखे पुष्कळ असणार. तेव्हा तो फ्लुओक्सेटिनवर, म्हणजे प्रोझॅकच्याच औषधावर होता. ते नियमित घेणाऱ्याच्या शरीरात निम्मं व्हायलाच चार ते सहा दिवस घेतं, आणि त्याचं पुढचं रूप त्याहून जास्त. शनिवारी ते ठिय्या मारून बसलेलंच असायचं. नंतर डॉक्टरांनी गोळी बदलून पॅरॉक्सेटिन दिली. ती जेमतेम एका दिवसात निम्मी होते. आता चुकवल्यावर शनिवारी दुपारी भोवंडायचं, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके यायचे, विनाकारण रडू यायचं, आणि हा म्हणायचा आजार उलटला. शेवटी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, म्हणाले की हे मला आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं, आणि गोळी चुकवायची नाही हे आधी ठरवून टाकलं.

आता तो पार्टीला गाडी घेऊन येतो. "ड्रायव्हिंग आहे" म्हटलं की कोणी हार्टचा विषय काढत नाही.