उतणं, मातणं आणि मोहाचं फूल

आजचा विषय जरा चिकट आहे. उतू जाणं.

टेक्ससमध्ये राहणाऱ्या एका श्रोत्याचा निरोप आला. तो घरी बिअर करतो. त्यासाठी आधी यीस्ट स्टार्टर करतो, आणि ते करताना फ्लास्कमधलं माल्टचं पाणी दर वेळी उतू जातं. मग शेगडी घासत बसावं लागतं. त्याचा प्रश्न असा, की या फेसाला काही इतिहास आहे का? आहे. आणि तो शोधत गेलं की माणूस मी राहतो त्या खोपोलीच्या आसपास, खालापूर-कर्जतच्या वाड्यांपर्यंत येऊन पोचतो.

आधी स्टार्टर म्हणजे काय ते सांगतो. दह्याला विरजण, तसं बिअरला यीस्ट. बाजारातल्या एका पुडीत साधारण १०० अब्ज पेशी असतात, पण त्यातल्या बऱ्याच थकलेल्या किंवा मेलेल्या असू शकतात. म्हणून आधी १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम सुकं माल्ट घालायचं, १०-१५ मिनिटं उकळायचं, थंड करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. दीड-दोन दिवसांत यीस्टची फौज वाढते. उकळायचं कशासाठी, तर आधीचे जंतू मरावेत म्हणून. आणि उतू जातं ते नेमकं इथेच.

कारण माल्टमध्ये जवाची प्रथिनं असतात. पाणी तापलं की ती बुडबुड्यांभोवती पापुद्रा धरतात. वाफेचा बुडबुडा वर येतो, पण फुटत नाही. एकावर एक थर चढतात. काही मिनिटं उकळलं की प्रथिनं साकळतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि फेस आपोआप बसतो. म्हणजे धोका फक्त पहिल्या काही मिनिटांचा असतो. मी बेकरीच्या सामानाच्या दुकानातून माल्ट पावडर आणून साध्या पातेल्यात उकळून पाहिली. उकळी फुटायच्या जरा आधी फेस झपाट्याने चढला, गॅस बारीक केल्यावर थांबला, आणि सात-आठ मिनिटांनी पाणी शहाण्यासारखं खदखदू लागलं. (यीस्ट घातलं नाही. ते का, ते पुढे येईल.)

आता फ्लास्क. हे शंकूच्या आकाराचं भांडं जर्मन रसायनतज्ज्ञ एमिल एर्लेनमायर यांनी १८६० मध्ये जगापुढे मांडलं. हलवताना द्रव सांडू नये म्हणून ते वर निमुळतं. पण फेसाला तो निमुळतेपणाच फावतो. जसजसा वर जाल तशी जागा कमी, त्यामुळे तेवढाच फेस दुप्पट वेगाने गळ्याशी येतो. आमच्या धंद्यात याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात. शिवाय काच गुळगुळीत. बुडबुडा धरायला कुठे ओरखडा नाही, म्हणून पाणी उकळबिंदूच्या वर जाऊनही गप्प बसतं आणि फ्लास्क हलवला की एकदम उसळतं.

यीस्ट शुद्ध हवं, हा हट्ट कुठून आला? लुई पाश्चर यांचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ चा. मग १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एका पेशीपासून वाढवलेलं यीस्ट तयार केलं. टेक्ससचा आपला श्रोता घरच्या ओट्यावर हॅन्सनचंच काम छोट्या प्रमाणात करतोय. आणि पापुद्र्यांचं शास्त्र? जर्मनीतल्या अ‍ॅग्नेस पॉकेल्स या बाईंनी घरच्या स्वयंपाकघरात, पाण्यावर तेलकटपणा आला की पृष्ठताण कसा बदलतो ते मोजलं. कुठल्या विद्यापीठाची पदवी नाही. त्यांनी लॉर्ड रॅली यांना पत्र लिहिलं आणि रॅलींनी ते मार्च १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आणलं. सबंध गोष्टीत मला सगळ्यात आवडणारं माणूस हेच.

तेलाची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळतो तेव्हा मळी वर यावी म्हणून भेंडीचा चिकट रस घालतात, आणि काहील उतायला लागली की गुळव्या एरंडीचं किंवा शेंगदाण्याचं थोडं तेल सोडतो. फेस बसतो. तेलाचा थेंब पापुद्र्यात शिरतो, पसरतो आणि त्याला पातळ करून फोडतो. आमच्याकडे तर भाताचं राज्य. कर्जतच्या भात संशोधन केंद्राची 'कर्जत-३' सारखी वाणं शेतकऱ्यांना तोंडपाठ आहेत. पेज उतू जाऊ नये म्हणून पातेल्याच्या काठाला आतून तेलाचं बोट फिरवणं आई अजून करते. बिअरवाले हेच काम सिलिकॉनच्या दोन थेंबांनी करतात. पोटातल्या गॅसवरच्या गोळ्यांत जे सिमेथिकोन असतं, त्याचाच हा भाऊबंद. स्वयंपाकाचं तेल ते टाळतात, कारण तेलाने बिअरचा वरचा फेस मरतो. सिलिकॉन मात्र यीस्टच्या गाळाबरोबर खाली राहतं.

म्हणजे श्रोत्याला उत्तर असं: २ लिटरच्या फ्लास्कमध्ये १ लिटरच्या वर भरू नकोस. सिलिकॉन गार पाण्यातच घाल, कारण तापलेल्या फ्लास्कमध्ये काहीही टाकलं तरी ते उसळेल. पहिली दहा मिनिटं फोन हातात घेऊ नकोस. आणि खरं सांगायचं तर पातेल्यातच उकळ, मग फ्लास्कमध्ये ओत. यीस्ट कामाला लागलं की फेस दुसऱ्यांदा येतो. तेव्हाही ही मोकळी जागा लागते.

आता आपल्या भागाकडे. मराठीत 'उतणं' आणि 'मातणं' ही क्रियापदं श्रावणातल्या कहाण्यांत जोडीनं फिरतात. एक भांड्याचं, दुसरं माणसाचं. रथसप्तमीला तर अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध मुद्दाम उतू घालतात. आणि मातण्याचा कर्जत-खालापुरातला इतिहास हा मोहाच्या फुलाचा आहे.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. फुलं वाळवून लोक खातात, गुरांना घालतात. पाण्यात भिजवून आंबवलीही जातात. तिथे हॅन्सनची गरज नव्हती. फुलांवरचं रानटी यीस्ट आणि आधीच्या मडक्यातला उरलेला गाळ, हाच स्टार्टर. आंबलेलं पाणी मडक्यात तापवायचं आणि वाफ दुसऱ्या भांड्यात गार करायची. इथे उतू जाणं फ्लास्कपेक्षा महाग पडतं. मडकं गळ्यापर्यंत भरलं, जाळ जास्त झाला, तर फेस नळीतून थेट पलीकडे जातो आणि गाळलेला सगळा माल गढूळ होतो. मोकळी जागा, बारीक जाळ आणि भांड्यावर नजर, एवढं जमल्याशिवाय हे काम होतच नाही.

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा ठरलं. पण मोहाचं झाड दारात असल्यावर कायदा पाळतो कोण? मग १८९२ मध्ये खास ठाणे आणि कोलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचाच कायदा झाला. दारूचा नव्हे, फुलांचा! फूल बाळगणं हेच संशयाचं झालं. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये ठाणे जिल्ह्यात असलेलं कर्जत पुढे कोलाब्यात गेलं, पण या कायद्यातून सुटण्याचा प्रश्न नव्हता. त्यात दोन्ही जिल्हे होते.

आणि त्याच काळात, इथून फार लांब नाही, उरणला पारशी मालकांच्या भट्ट्या मोहाचीच दारू गाळत होत्या. फुलं गुजरातेतल्या पंचमहालांतून यायची, दारू कर भरून मुंबईला जायची. मोऱ्याचा माल म्हणून तिचं नाव होतं. म्हणजे पंचमहालातलं फूल उरणला आलं की महसूल, आणि खालापूरच्या कातकऱ्याच्या झोपडीत सापडलं की गुन्हा. याला मी दारूबंदी म्हणणार नाही. ही मक्तेदारी होती.

कातकरी हे नावच कात करण्यावरून आलं. खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यांत उकळून, आटवून कात पाडायचा. त्यातही भांड्यावर नजर ठेवण्याचीच विद्या. जंगलं सरकारी झाली, तो धंदा बसला, आणि हीच माणसं कोळसा पाडायला आणि पुढे वीटभट्ट्यांवर गेली. दोन पिढीजात उकळण्याच्या कला एकाच काळात आकसल्या. कोपनहेगनच्या यीस्टवर ग्रंथ निघाले. इथल्या मडक्यांची नोंद राहिली ती बहुतेक अबकारी खात्याच्या कागदांत, जप्तीचा माल म्हणून.

भाषेतही बघा. शाळेत रसायन म्हणजे केमिस्ट्री, वैद्याकडे रसायन म्हणजे टॉनिक, आणि पोलिसांच्या पंचनाम्यात रसायन म्हणजे हातभट्टीचं आंबलेलं पाणी. 'इतके लिटर रसायन नष्ट' ही बातमी तुम्ही वाचलीच असेल. तिच्यात काळा गूळ आणि नवसागरही असतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणि अमोनियम हे यीस्टचं खाद्य. आपला श्रोता त्याच कामासाठी अमोनियम फॉस्फेटची डबी विकत आणतो. मोह गेला, गूळ-नवसागर आला. आणि पुढे काही ठिकाणी त्याहून वाईट घडलं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलने, आंबवण्याने नव्हे.

अमेरिकेत घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याची परवानगी मिळाली ती जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आणि परवान्याशिवाय घरी मद्य करणं त्यात बसत नाही. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली ती परवाना घेऊन. म्हणून माझं माल्टचं पाणी यीस्टविनाच राहिलं. गार झाल्यावर पावाच्या कणकेत घातलं. पाव बरा झाला.