मंगळाचे पाणी आणि पाहणारा डोळा

१८७७ साली जोव्हान्नी स्कियापारेल्ली या इटालियन खगोलविदाने मंगळावर दिसलेल्या रेषांना ‘कानाली’ म्हटले. या शब्दाचा अर्थ नैसर्गिक चर असाही होतो आणि खणलेला कालवा असाही. इंग्रजीत त्याचा कालवाच झाला. आणि कालवा म्हटला की तो खणणारे हात ओघाने आलेच. पुढे पर्सिव्हल लोवेल यांनी त्या हातांची अख्खी संस्कृती कल्पिली. केवळ एका शब्दाने ग्रहाला पाणी मिळावे, याचे आम्हा भाषेच्या अध्यापकांना विशेष कुतूहल वाटते.

या मोहाविरुद्ध उभे राहिलेले शास्त्रज्ञ म्हणजे ब्रूस मरे (१९३१–२०१३). खरे विज्ञान मोजमापांत, छायाचित्रे लोकरंजनासाठी, असा समज प्रबळ असताना त्यांनी अवकाशयानांवरील कॅमेऱ्याचा हिरिरीने पुरस्कार केला. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ यानाने अवघी बावीसेक छायाचित्रे पाठविली. त्यांत कालवे नव्हते. चंद्रासारखी विवरे होती. मंगळ पृथ्वीसारखा असावा ही आपलीच आस आहे आणि ती पुराव्यावर मात करते, असे मरे यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये, मरिनर ९ मंगळाशी पोहोचत असताना, एका परिसंवादात बजावले. कार्ल सेगनही त्या व्यासपीठावर होते.

त्या वेळी मंगळ धुळीच्या वादळाने झाकला होता. धूळ खाली बसली आणि दिसू लागली ती कोरडी नदीपात्रे! मरिनर ४ ने पृष्ठभागाचा जेमतेम एक टक्का पाहिला होता. ज्या कॅमेऱ्याचा मरे यांनी पुरस्कार केला, त्यानेच मृत, चंद्रसदृश मंगळाचे चित्र पुसले. आशेने जशी फसगत होते, तशी अपुऱ्या पाहण्यावर बेतलेल्या निराशेनेही होते.

तरीही पात्र म्हणजे पाणी नव्हे. छायाचित्र आकार सांगते, द्रव्य सांगेलच असे नाही. २००८ च्या जूनमध्ये फिनिक्स यानाने उकरलेल्या चरात पांढरे खडे दिसले. चार दिवसांनी त्याच जागेचे पुन्हा छायाचित्र घेतले, तेव्हा काही खडे नाहीसे झाले होते. मीठ असे उडून जात नाही. ते बर्फच होते. पुढच्याच महिन्यात यानावरील उपकरणाने मातीचा नमुना तापवून पाण्याची वाफ ओळखली.

दुर्बिणीला जे पाणी ‘दिसले’ ते नव्हतेच. जे होते ते नाहीसे होताना कळले. पाहणे पुरत नाही, पुन्हा पाहावे लागते, एवढे मरे यांच्या शास्त्राकडून आम्हीही शिकावे.