तांदळातले खडे आणि सेकंड हँड गाडी

गेल्या दिवाळीच्या आधी मामाने ऑनलाइन जाहिरातीत एक गाडी पाहिली. पाच वर्षं वापरलेली हॅचबॅक, किंमत १ लाख ८५ हजार, म्हणजे चालू भावापेक्षा बरीच कमी. विकणारा म्हणाला, मी फौजेत आहे, तातडीची बदली झालीय, गाडी छावणीत उभी आहे. ओळखपत्राचा फोटो आला, आरसीचाही आला. टोकन म्हणून ५,१०० रुपये गेले. मग गाडी ट्रान्सपोर्टला चढवायचे १२,५००, तेही 'डिलिव्हरीनंतर परत'. तिसऱ्यांदा पैसे मागितले तेव्हा मामीने मामाच्या हातातून फोनच काढून घेतला.

मामा मला म्हणाला, "तू बाजारावरच पीएचडी करतेस ना? मग सांग, माझं कुठे चुकलं?" मी एम.एस्सी. केलं संख्याशास्त्रात. आता अर्थशास्त्रात 'माहिती' हा विषय कसा शिरला याचा इतिहास वाचतेय. त्या इतिहासाच्या ऐन मध्यावर सेकंड हँड गाडीच उभी आहे.

१९६६-६७ साली जॉर्ज अकरलॉफ बर्कलीत नवखा प्राध्यापक होता. त्याने जुन्या गाड्यांचा बाजार घेतला आणि साधा हिशोब मांडला. समजा चांगली गाडी ३ लाखांची, खराब १ लाखाची. कुठली कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा मधला भाव धरतो, २ लाख. या भावात चांगल्या गाडीवाला विकायलाच येत नाही. उरतात त्या खराब. हे घेणाऱ्याला कळतं, तो भाव आणखी पाडतो. खराब गाडीला अमेरिकेत 'लेमन' म्हणतात, म्हणून पेपरचं नाव 'द मार्केट फॉर लेमन्स'.

हा पेपर तीन नियतकालिकांनी नाकारला. पहिला नकार आला तेव्हा अकरलॉफ भारतात होता. विषय क्षुल्लक आहे, असं कारण दिलं होतं. तिसऱ्या ठिकाणी तर म्हणणं असं पडलं की हे खरं असेल तर अर्थशास्त्रच वेगळं असायला हवं होतं! शेवटी १९७० मध्ये क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्सने तो छापला आणि २००१ मध्ये अकरलॉफला नोबेल मिळालं. पेपरमध्ये आपल्या बाजाराचंही उदाहरण आहे: तांदळाच्याच रंगाचे, आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि भारतीय गृहिणीला ते निवडत बसावं लागतं. हे वाक्य वाचताना मला आजीचं सूप दिसतं.

निवडण्याची ही कटकट गाड्यांच्या कितीतरी आधीची आहे. घोड्याचं वय दातांवरून ओळखत. म्हणून इंग्लंडातले लबाड व्यापारी म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीने घासून, तापल्या सळईने त्यात खाचा पाडून त्याला तरुण करत. आपल्याकडे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला अलाउद्दीन खिलजीने सैन्यातल्या घोड्यांना डाग द्यायला लावले, कारण हजेरीला एक घोडा आणि प्रत्यक्षात भलताच, असा प्रकार चाले. चासी नंबरचा हा पूर्वज, असं मी तरी मानते. गाड्या आल्यावर दातांची जागा मीटरने घेतली. मीटर मागे फिरवण्याविरुद्ध अमेरिकेत १९७२ मध्ये केंद्रीय कायदा झाला. १९८१ पासून तिथे प्रत्येक गाडीला ठरावीक पद्धतीचा १७ अक्षरी नंबर आला. आता मीटर डिजिटल आहे, तोही बदलता येतो. म्हणून सर्व्हिसच्या नोंदीतले किलोमीटर ताडून बघायचे आणि पेडलचं रबर किती झिजलंय तेही.

पण हे सगळे उपाय वस्तू समोर आहे असं धरून चालतात. दात बघायला घोडा तरी हवा ना! अकरलॉफचं लेमन निदान अस्तित्वात होतं. मामाची गाडीसुद्धा कुठेतरी असेलच, पण ती दुसऱ्याच कोणाची, आणि फोटो दुसऱ्याच कोणाच्या जाहिरातीतून उचललेले.

इथे मायकेल स्पेन्स उपयोगी पडतो. अकरलॉफबरोबर त्यालाही नोबेल मिळालं. १९७३ च्या पेपरमध्ये त्याने दाखवलं की एखाद्या खुणेवर विश्वास तेव्हाच ठेवता येतो, जेव्हा ती खूण मिळवणं खोट्या माणसाला खऱ्यापेक्षा जास्त महाग पडतं. वर्दीचा फोटो पाठवायला काय लागतं? खऱ्यालाही फुकट, खोट्यालाही फुकट. आरसीचा फोटोही तसाच. मामाने तो नंबर सरकारी ॲपवर टाकला होता, गाडी खरी निघाली, आणि तिथेच तो निर्धास्त झाला. ॲप गाडीबद्दल सांगतं. फोनवरचा माणूस तिचा मालक आहे की नाही, हे त्याला काय माहीत?

मग महाग काय? गाडी दिवसाउजेडी दाखवणं, आपल्या मेकॅनिकला बॉनेट उघडू देणं, बॉडीवर कोरलेला चासी नंबर मूळ आरसीशी जुळवू देणं, समोर बसून फॉर्म २९ आणि ३० वर सही करणं. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र. जो नाही तिथे आहे असं सांगतोय त्याला यातलं एकही परवडत नाही. त्यामुळे टोकन, गेट पास, ट्रान्सपोर्ट, नाव काहीही असो, हे व्हायच्या आधी एक रुपयाही नाही. आणि पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो द्यायलाच लागतो. हे मामाला माहीत होतं म्हणे.

१९३० या हेल्पलाइनला लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मामाने तीन दिवस कोणालाच सांगितलं नाही, मामीलाही सांगू दिलं नाही. लोक हसतील म्हणून. मला याचाच जास्त राग आला. बावीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांचे हिशोब तपासणारा माणूस स्वतःला मूर्ख समजून गप्प बसला, आणि फसवणाऱ्याला हवे ते तीन दिवस मिळाले.

शेवटी मामाने जानेवारीत शेजारच्या सोसायटीतली एक जुनी गाडी घेतली, मेकॅनिकला घेऊन जाऊन. ३० हजार जास्त पडले. तक्रारीचा नंबर त्याने पाकिटात ठेवलाय. पैसे अजून आलेले नाहीत.