पानगळ, पेशींचं मरण आणि सांध्यांचं इंजेक्शन

"डॉक्टर, दुखतात माझे सांधे, मग छातीचा एक्स-रे कशाला?" आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) एका रुग्णाने लाखनीतल्या माझ्या दवाखान्यात विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी मात्र थोडं मागे जावं लागेल.

फाल्गुनाच्या सुमारास आपल्याकडचा पळस पानं गाळतो. झाड मरत नाही, जुनं पान तेवढं सोडून देतं. आपल्या शरीरातल्या पेशीही रोज अशाच गळतात. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी या शिस्तीतल्या मरणाला 'अपॉप्टोसिस' हे नाव दिलं. हा ग्रीक शब्द आहे. अर्थ, पानं गळणं. मार लागून पेशी मेली तर ती फुटते आणि सूज येते. अपॉप्टोसिसमध्ये ती आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात.

पण पेशीला मरणाचा निरोप पोचतो कसा? १९८९ मध्ये जर्मनी आणि जपानमधल्या दोन गटांना अशी प्रतिपिंडं सापडली, जी पेशीवरच्या एका प्रथिनाला चिकटताच पेशी मरायची. १९९१ मध्ये नागाता यांच्या गटाने त्या प्रथिनाचं, म्हणजे 'फास'चं, जनुक शोधलं. अशा प्रथिनांना 'डेथ रिसेप्टर' म्हणतात. ते जणू पेशीच्या दारावरचं कुलूप. 'टीएनएफ' नावाच्या किल्लीचं एक कुलूपही याच कुळातलं. ही किल्ली पेशी मारू शकते आणि सूजही भडकवते.

त्याच सुमारास माणसाच्या लघवीत टीएनएफची सुटी कुलपं सापडली. दारावरून निखळलेल्या कुलपात किल्ली अडकली, तर दार उघडणार कसं? मग जनुकं जोडून अशी सुटी कुलपं प्रयोगशाळेत बनवली गेली. संशोधक ती वापरून तपासतात: निरोप अडवल्यावर पेशी वाचली, तर तोच निरोप तिला मारत होता.

यातूनच औषध आलं, इटॅनरसेप्ट. त्यातलं कुलूप डेथ रिसेप्टरच्या भावंडाचं आहे; ते स्वतः मरणाचा हुकूम देत नाही, पण टीएनएफला पकडून ठेवतं. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. २०१३ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने त्याची स्वस्त आवृत्ती भारतात आणली.

आता एक्स-रेचं उत्तर. आपल्यापैकी अनेकांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात. त्यांच्याभोवती पेशींचं कुंपण असतं आणि ते टिकवायला टीएनएफ लागतं. टीएनएफ अडवलं, की कुंपण ढिलं पडतं आणि जंतू जागे होऊ शकतात.

म्हणून इंजेक्शनाआधी एक्स-रे आणि टीबीची त्वचेची किंवा रक्ताची तपासणी टाळू नका. घरात कुणाला टीबी झाला असेल तर लपवू नका. उपचार सुरू असताना दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट दिसली, तर लगेच डॉक्टरांना भेटा.

त्या रुग्णाला मी एवढंच म्हणालो, "औषध सांध्यांचं आहे, पण ते फिरतं सगळ्या शरीरात."