जाडी, बारीक आणि माळ्यावरची

तर झालं असं, की मी सहावीत असताना बाबांनी पुण्याहून फुलसावंगीच्या घरासाठी एक ट्यूबलाइट नेली. ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर मांडीवर धरून! 28 वॉटची, अंगठ्याएवढी बारीक. काका स्टुलावर चढले, जुनी जाडी ट्यूब फिरवून काढली, नवी लावायला गेले आणि वरूनच ओरडले, "हे कायले आणली भाऊ? बसतच नाही ना!"

नवी ट्यूब 5 सेंटिमीटर आखूड होती. पिनाही जवळजवळ. जुनीच परत चढली आणि नवी माळ्यावर गेली. बाबांची 'ट्यूब उशिरा पेटली' हा विनोद त्या सुट्टीत किमान दहा वेळा झाला :)

ही भानगड नक्की काय होती, ते मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. ट्यूबवर टी-12, टी-8, टी-5 असं काहीतरी छापलेलं असतं. तो आकडा म्हणजे जाडी, इंचाच्या आठव्या भागात मोजलेली. टी-12 म्हणजे दीड इंच (38 मिलिमीटर), टी-8 म्हणजे एक इंच आणि टी-5 म्हणजे 16 मिलिमीटर. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने 1938 साली फ्लुरोसंट ट्यूब बाजारात आणली आणि 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांनी डोळे भरून पाहिली. पुढे चार फुटी 40 वॉटची जाडी ट्यूब जगभर ठरीव झाली. आपल्या शाळा, तहसील कचेऱ्या, एसटी स्टँड सगळीकडे तीच.

मग 1970 च्या दशकाच्या अखेरीला युरोपात एक इंचाची 36 वॉटची ट्यूब आली. आतल्या आर्गॉनमध्ये क्रिप्टॉन मिसळला, नळी बारीक केली आणि 4 वॉट वाचवले. पण खरी हुशारी वेगळीच. लांबी तीच, पिना त्याच, आणि 230 व्होल्टच्या देशांत चोक आणि स्टार्टरही तेच! जुनी काढा, नवी लावा. आमच्या धंद्यात याला बॅकवर्ड कम्पॅटिबल म्हणतात आणि ते साधलं की लोकांना बदल झाल्याचा पत्ताही लागत नाही. आपल्याकडेही जाडीची बारीक कधी झाली, हे कुणाला आठवतं का?

1995 च्या सुमारास आलेल्या टी-5 ने मात्र हा करार मोडला. बारीक नळीत आतली पावडर कमी लागते, म्हणून महागडी, जास्त उजेड देणारी ट्रायफॉस्फर पावडर परवडते. पण लांबी बदलली, होल्डर बदलला, आणि स्टार्टर-तांब्याचा चोक जाऊन इलेक्ट्रॉनिक चोक सक्तीचा झाला. म्हणजे अख्खी पट्टीच नवी.

हिशेब मात्र टी-5 च्या बाजूने होता. 40 वॉटची ट्यूब कधीच 40 वॉट खात नाही. तांब्याचा चोक वर 12-13 वॉट उष्णतेत घालवतो. टी-5 चोकसकट 31च्या आसपास. रोज पाच तास धरले तर एका ट्यूबमागे वर्षाला साधारण 40 युनिट! दोन फुटी 20 वॉटची ट्यूब तर त्याहून तोट्याची, कारण उजेड निम्म्याहून कमी आणि चोकचा खर्च मात्र तितक्या प्रमाणात घटत नाही. तरी देवघरात नि मोरीत तीच, कारण जागाच तेवढी.

आणखी एक गंमत. टी-8 सर्वात जास्त उजेड देते ती भोवतालचं तापमान 25 अंश असताना. टी-5 साठी तो आकडा 35 आहे. बंद फिटिंगमध्ये नळी तापते म्हणून तशी बनवलेली. यवतमाळच्या मार्चमधल्या संध्याकाळसाठी याहून चांगली ट्यूब शोधून सापडली नसती!

पण महागाव तालुक्यात त्या काळात प्रश्न उजेडाचा नव्हताच, व्होल्टेजचा होता. भारनियमनातून लाइट आली की सगळ्या शेतांतल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि घरात व्होल्टेज पडायचं. स्टार्टर टिकटिक करत बसायचा, ट्यूबची टोकं लाल व्हायची, पण पेटायची नाही. मग आजी काठीला फडकं बांधून ट्यूबवर फिरवायची, काका स्टार्टर फिरवायचे. ट्यूब एकदाची लागली की झोपेपर्यंत कुणी बंद करायचं नाही, असा नियमच होता. वीज वाचवा वगैरे पाट्या लिहिणाऱ्यांना हे कोण सांगणार?

इलेक्ट्रॉनिक चोक कमी व्होल्टेजवरही ट्यूब पेटवतो. म्हणजे आमचं औषध माळ्यावरच्या ट्यूबच्या कुटुंबातच होतं. तरी आज मला काकांचंच बरोबर वाटतं. लाइट येताना व्होल्टेज उसळलं की स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक चोक जळायचा, आणि गावातला वायरमन तो दुरुस्त करू शकत नव्हता. तांब्याचा चोक मात्र वर्षानुवर्षं गुणगुणत राहायचा. शहरात बसून वॉट मोजणं सोपं असतं.

असो. 2010 साली ट्यूबलाइटला बीईईचे स्टार लावणं सक्तीचं झालं आणि 2015 पासून उजाला योजनेने एलईडीचे भाव पाडले. एलईडी ट्यूब आली ती कुठल्या मापात? चार फूट, जुन्याच पिना! टी-5 चं माप कुणी विचारलंही नाही. काकांच्या त्याच पट्टीत आता 20 वॉटची एलईडी आहे. स्टार्टर काढला, चोक बाजूला केला, बस्स.

फ्लुरोसंट ट्यूबचा निकालही लागला आहे. पाऱ्यावरच्या मिनामाता करारातल्या देशांनी 2023 साली ठरवलं, की साध्या पावडरच्या ट्यूबची निर्मिती आणि आयात-निर्यात 2026 पर्यंत आणि ट्रायफॉस्फरची 2027 पर्यंत थांबवायची. लहानपणी आम्ही गेलेल्या ट्यूबा उकिरड्यावर दगड मारून फोडायचो, फटाक्यासारखा आवाज यायचा म्हणून. त्यातली पांढरी पावडर हाताला लागायची. पारा असतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

या दिवाळीत माळा साफ करताना ती बारीक ट्यूब निघाली, खोक्यासकट, एकदाही न पेटलेली. 2016 च्या ई-कचरा नियमांत ट्यूबलाइटही आली, पण फुलसावंगीत ती नेऊन द्यायची कुणाकडे? काकूने ती जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि परत वर ठेवली.